मातीवाला येणार म्हणून

डॉक्टर घरी यायचे असले, की थोरली अंगात ताप असला तरी आधी उठून चादर बदलायची. कामवाली येण्याआधी भांडी विसळून ठेवायची. का, तर तिला खरकटं दिसू नये. दाढ काढायला गेली तेव्हा घरून निघताना तिने दात इतके घासले, की सगळ्याच हिरड्या सुजल्या आणि दुखणारी दाढ नेमकी कोणती हे डॉक्टरला शोधत बसावं लागलं. धाकटी तिची जाऊ. लग्न होऊन या घरात आल्यापासून ती हे सगळं बघत होती, त्यावरून थोरलीला चिडवत होती, आणि चिडवता चिडवता चादरीचं दुसरं टोकही धरत होती. तेव्हा घरची माती तपासायला माणूस येणार म्हटल्यावर काय होईल, हे निदान धाकटीला तरी कळायला हवं होतं. नाही कळलं. पुढच्या सगळ्या रामायणात तिचा वाटा तेवढा होता, आणि तो ती नाकारत नाही.

दोघींचे नवरे सख्खे भाऊ. खाली दुकान, वर घर, मागे अंगण. दुकान ड्रायक्लीनिंगचं. लोकांचे कोट, पडदे, ब्लँकेटं. भाऊ मशीन सांभाळायचे, थोरली डाग काढायची, धाकटी इस्त्री करायची आणि गिऱ्हाइकांशी गप्पा मारायची. गप्पा मारणं हेही कामच आहे, असं तिचं ठाम मत होतं आणि दुकान त्यावरच चालत होतं अशी तिची खात्रीही. पुढे धाकटीचा नवरा गेला, मग थोरलीचा. दोघींनी काही वर्षं दुकान रेटलं, पण ओले पडदे उचलताना दोघींच्याही पाठीतून कळा यायला लागल्या, तेव्हा मशीन भंगारात दिलं आणि शटर ओढून घेतलं.

आता प्रश्न होता जिन्याचा. थोरलीच्या गुडघ्यांनी साफ असहकार पुकारला होता. ती जिना बसून उतरायची, एकेक पायरी, लहान मुलं उतरतात तशी. हातात फडकं ठेवायची. कोणी बघत असलं तर पायऱ्या पुसायला लागायची. शेजाऱ्यांना वाटायचं, काय ही बाई स्वच्छ, दिवसातून दोनदा जिना पुसते.

मग दोघींनी ठरवलं, घर विकायचं आणि दवाखान्यामागच्या नव्या इमारतीत तळमजल्यावर दोन खोल्या घ्यायच्या. दोघींनी मिळून. इसार देऊन झाला होता. घराचे पैसे हातात आले की बाकीचं चुकतं करायचं होतं, आणि बिल्डर थोडे दिवस थांबायला तयार होता. घर विकलं गेलं नाही, तर मात्र मुलांचं ठरलेलं होतं. थोरलीची मुलगी एका शहरात, धाकटीचा मुलगा अगदी दुसऱ्या टोकाच्या शहरात. दोघंही गुणी. नालायक असती तर सोपं झालं असतं. दोघंही फोनवर एकच सांगायची, "घराला कुलूप लावा आणि या आमच्याकडे." आमच्याकडे म्हणजे थोरली मुलीकडे आणि धाकटी मुलाकडे. दोघी म्हाताऱ्या मावतील एवढी जागा कोणाकडेच नव्हती, आणि त्यांना एकत्र राहायचं असेल हे कोणाच्या डोक्यातही आलं नव्हतं. जावाजावांनी एकमेकींपासून सुटका झाली म्हणून हुश्श करायचं असतं, एवढंच जगाला ठाऊक.

घर बघायला दलालाने बरीच माणसं आणली. त्यातली एक बालवाडी चालवणारी बाई. तिने खोल्या बघितल्या न बघितल्यासारख्या केल्या, थेट मागच्या अंगणात गेली आणि खाली बसली. तिथे पूर्वी कपडे वाळत घालायच्या दोऱ्या होत्या. आता नुसती पिवळट, टणक जमीन होती आणि भिंतीकडेला चार हट्टी रोपटी.

"इथे मुलं मातीत खेळतील," ती म्हणाली. "वर कौलं, खाली फरशी, असल्या जागा खूप बघितल्या. मला माती हवीये."

थोरलीला ती तिथेच आवडली. तिला हसताना बघून धाकटीला वाटलं, झालं, सुटलो.

सौदा ठरला आणि मग बँकेने खोडा घातला. ड्रायक्लीनिंगचं केमिकल वर्षानुवर्षं जमिनीत मुरतं, तिथे लहान मुलं खेळणार, तेव्हा आधी माती तपासा, मगच कर्ज. बालवाडीबाईने हे अगदी संकोचून सांगितलं. थोरलीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

"आयुष्यभर आम्ही गावाचे डाग काढले," बाई गेल्यावर ती म्हणाली, "आणि आता आमच्याकडे डाग शोधायला येणार?"

"वहिनी, सगळ्या ड्रायक्लीनिंगवाल्यांना करतात हो असं. नियम आहे."

"सगळ्यांकडे मी नव्हते."

पण मागच्या दाराशी केमिकलचं पिंप असायचं, ते धाकटीला आठवत होतं. मशीन उघडलं की डोळ्यांतून पाणी काढणारा तो वास आठवत होता. ते सगळं केमिकल गेलं कुठे? जमिनीतच ना? तिला रात्रंदिवस तळमजल्यावरच्या त्या दोन खोल्या दिसायला लागल्या, आणि त्यांत दुसरंच कोणीतरी राहत होतं.

माती तपासायला येणाऱ्याचं नाव थोरलीने न बघताच मातीवाला पाडलं. तो यायच्या आदल्या दिवशी धाकटी बिल्डरला भेटायला गेली होती. अजून थोडं थांबा म्हणून गळ घालून ती परत आली, तर दारात डंपर उभा. डंपरवाला जुना गिऱ्हाईक. त्याच्या लग्नाच्या कोटावर शाईची बाटली लवंडली होती तेव्हा थोरलीने लग्नाच्या आदल्या संध्याकाळपर्यंत बसून तो डाग काढला होता. तेव्हापासून काकू म्हणेल ती पूर्व दिशा.

धाकटी मागे गेली आणि दारातच थबकली. अंगण काळंभोर झालं होतं. भिंतीपासून भिंतीपर्यंत वीतभर जाड, भुसभुशीत, ओलसर माती, आणि ती दाताळ्याने अशी विंचरलेली की पाय ठेवायला जीव होऊ नये. मधोमध खुर्ची टाकून थोरली बसली होती.

"हे काय, वहिनी?"

"उद्या माणूस येणारे माती बघायला. त्याला काय ती टणक, रोगट जमीन दाखवायची? काय म्हणेल तो? दोन बायका घरात, आणि अंगणाची ही कळा?"

"अहो, पण तो तीच बघायला—"

"काकू, एक नंबर माल आहे," डंपरवाला म्हणाला. "तिकडे जुनं पाडून मोठं खोदकाम चाललंय. काळीशार, लोण्यासारखी माती. पैसे-बिशे काही नको हं."

धाकटीने कपाळाला हात लावायला हवा होता. पण खरं सांगायचं तर अंगण देखणं दिसत होतं. इतक्या वर्षांत ते कधी इतकं देखणं दिसलं नव्हतं. आणि मनात कुठेतरी तिला हेही वाटून गेलं, की खाली काही बरंवाईट असलंच तर वर थोडी चांगली माती असलेली काय वाईट? तिने दाताळं उचललं आणि राहिलेला कोपरा सारखा केला.

आता त्या मातीला वास येत होता. साधासुधा नाही, रस्त्यावरून जाणाऱ्याने नाक दाबून पळावं असा. पण हे त्या दोघींना कळणार कसं? आयुष्य केमिकलच्या वाफेत काढून दोघींची नाकं केव्हाच कामातून गेली होती. दूध करपलं तर धूर दिसल्यावर समजायचं. आणि डंपरवाल्याचं काय सांगावं, तो डिझेलच्या केबिनमध्ये जेवणारा माणूस. तिघं कौतुकाने अंगण बघत उभे असताना शेजारणीने आपली खिडकी धाडकन लावून घेतली.

"जळते मेली," थोरली समाधानाने म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मातीवाला आला. उंच, किडकिडीत, पाठीवर पिशवी, हातात माणसाएवढं लांब गिरमिट. दारातून अंगणात पाऊल टाकलं आणि त्याने श्वास आत घेतला तो तसाच धरला. मग खिशातून तोंडावर बांधायची पट्टी काढून बांधली.

"या, या," थोरली म्हणाली. "बघा काय बघायची ती माती."

त्याने खाली वाकून चिमूटभर माती बोटांत चोळली. "अंगण नेहमी असंच असतं का, आजी?"

आता या प्रश्नाला कुठली गृहिणी खरं उत्तर देते? पाहुणा म्हणतो, काय टापटीप घर आहे, आणि जिने सकाळपासून कपाटात पसारा कोंबलेला असतो ती म्हणते, छे हो, आमच्याकडे नेहमीच असं. थोरलीच्या तोंडूनही ते सवयीनेच निघालं.

"नेहमीच!" ती म्हणाली.

मातीवाल्याने मान डोलावली. मग त्याने ठिकठिकाणी गिरमिट फिरवलं, वरची माती वेगळ्या बाटल्यांत, खालची वेगळ्या बाटल्यांत भरली, प्रत्येकीवर चिठ्ठी चिकटवली. दुकानाच्या आतली फरशीही एका जागी फोडून खालची माती घेतली. चहा दिला तर म्हणाला, बाहेर रस्त्यावर उभा राहून घेतो. किती हा नम्र मुलगा, असं थोरली दिवसभर म्हणत होती.

निकाल घेऊन तो आला तेव्हा बालवाडीबाईही बरोबर होती. तिच्या चेहऱ्याकडे बघूनच धाकटीने ओळखलं. कोणी खुर्चीत बसलं नाही.

"वरची माती फार वाईट आहे," मातीवाला म्हणाला. "गाड्यांचं जळकं ऑइल आहे, शिसं आहे. मुलांनी हातसुद्धा लावू नये अशी."

"आणि केमिकल?" धाकटीने विचारलं.

"हीच तर गंमत आहे. केमिकल जवळजवळ नाहीच. मागच्या दाराशी थोडंसं आहे, ते खणून काढता येईल, मोठं काम नाही. बाकी खाली सगळं स्वच्छ. इतकी स्वच्छ ड्रायक्लीनिंगची जागा मी तरी बघितली नाही." तो थांबला. "घाण वरून खाली झिरपत जाते, आजी. इथे ती वरच बसलीये. वीतभर खाली गेलं की एकदम संपते. जणू काल येऊन बसली."

धाकटीने थोरलीकडे बघितलं. थोरली खाली बघत होती. दोघींनाही एकाच क्षणी कळलं होतं.

"इथे गाड्या धुवायचात का?" मातीवाल्याने विचारलं.

"नाही."

"बाहेरून काही आणून टाकलंत?"

धाकटीने तोंड उघडलं. थोरलीची बोटं तिच्या मनगटावर घट्ट बसली.

"नाही," थोरली म्हणाली.

बालवाडीबाईचे डोळे भरून आले होते. "मला ही जागा फार हवी होती हो," ती म्हणाली. "पण ही घाण येते कुठून तेच कळत नाही, आणि मुलांचा प्रश्न आहे. मला नाही जमणार." मातीवाल्याने दोघींकडे जरा जास्तच वेळ बघितलं, आणि दोघं निघून गेले.

दार लागताच धाकटी म्हणाली, "वहिनी, मी जाते त्यांच्यामागे. सांगून टाकते. जेवढी टाकली तेवढी उचलायची, झालं."

"काय सांगशील?" थोरली खुर्चीत बसली होती आणि तिचा चेहरा राखेसारखा झाला होता. "तपासायला माणूस येणार म्हणून आदल्या दिवशी वर माती पसरली. त्याने दोनदा विचारलं, दोनदा खोटं बोलले. कोण मानेल, की मी ती शोभेसाठी टाकली? सगळे म्हणतील, म्हाताऱ्या लपवत होत्या."

"म्हणू देत."

"म्हणू देत? अगं, यांनी उभ्या जन्मात थेंब सांडला नाही तिथे."

ते खरं होतं. मोठे भावोजी महाचिकट. केमिकल महाग म्हणून ते गाळून गाळून वापरायचे. पिंपाखाली परात ठेवायचे, परातीखाली फडकं, आणि संध्याकाळी ते फडकंसुद्धा पिळून पिंपात. धाकटीने आणि तिच्या नवऱ्याने त्यांची यावरून आयुष्यभर टिंगल केली होती. ज्या जमिनीच्या काळजीने धाकटीला झोप येत नव्हती, ती भावोजींच्या चिकटपणाने स्वच्छ राहिली होती. तिला एकदम वाटलं, आत्ता ते समोर असते तर त्यांच्या पाया पडले असते.

"आणि मी," थोरली म्हणाली, "मी गाडीभर घाण बोलावून घेतली आणि आपल्या हाताने पसरली. मला तोंड दाखवायला जागा नाही राहायची. माझी शपथ आहे तुला, कोणाला सांगशील तर."

धाकटीने पुष्कळ समजावलं. रागावली, रडली, एक वेळ जेवली नाही. थोरली हलली नाही. धाकटीला शपथेची भीती नव्हती. पण जी बाई डॉक्टरसाठी तापात चादर बदलते, तिच्याकडून चारचौघांत "मी घाण केली" हे वदवून घेणं म्हणजे काय, हे तिच्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं. तिला ते करवेना. मग दोन्ही घरी फोन गेले. धाकटीचा मुलगा म्हणाला, बरंच झालं, मी खोली रिकामी करून ठेवतो. थोरलीची मुलगी म्हणाली, मीच येते न्यायला.

मुलगी आली आणि खोकी बांधायला लागली. तिला काय, स्वच्छ हिशेब होता. आईचं एका बाजूला, काकूचं दुसऱ्या बाजूला. अडलं ते स्वयंपाकघरात.

"ही कढई कुणाची?" तिने विचारलं.

"हिची," थोरली म्हणाली.

"माझी कशी? तुम्ही आणलीत."

"आणली मी. वापरतेस तू."

"आणि ही सांडशी?"

"वहिनींची. त्या फडक्याने गरम भांडी धरतात, हात भाजून घेतात. त्यांच्याकडे दे."

"मला नको. तिथे मला कोण चुलीपाशी जाऊ देणार आहे? हिला दे."

"अगं, पण कोणीतरी काहीतरी घ्या ना!" मुलगी वैतागली. इतर घरांत वाटणीवरून भांडणं होतात ती माझं-माझं म्हणून. इथे दोघी सगळं एकमेकींकडे ढकलत होत्या आणि तरी भांडण तितकंच कडाक्याचं चाललं होतं. कुकर गेला धाकटीकडे, त्याचं झाकण कसं कोण जाणे थोरलीच्या खोक्यात. जाड गोधडी तीनदा इकडून तिकडे गेली.

मग खिडकीतला चष्मा निघाला. वाचायचा चष्मा दोघींत मिळून एकच होता. नंबर सारखा, दुसरा करायचा कंटाळा, आणि तसंही थोरली क्वचितच वाचायची. ती ऐकायची. धाकटी वाचून दाखवायची आणि मधे मधे स्वतःच्या पदरचं घालायची, आणि थोरलीला ते कळायचं.

"हा तू ने," थोरली म्हणाली.

"आणि तुम्ही?"

"मी काय वाचणारे? तिथे सगळे वाचणारेच आहेत, पण ज्याचं तो मनात वाचतो."

मुलगी दुसऱ्या खोलीत चिकटपट्टी शोधायला गेली. थोरली चष्मा हातात धरून, काचा पदराने पुसत, बराच वेळ उभी राहिली. आधीच लख्ख असलेल्या काचा तिने पुन्हा पुन्हा पुसल्या. मग तो धाकटीच्या नाकावर आपल्या हाताने चढवला.

"त्या बालवाडीबाईचा नंबर वाच," ती म्हणाली.

धाकटीने वाचला. एक आकडा चुकला, तो पुन्हा वाचला. थोरली फोनवर नेहमी ओरडून बोलायची, दूरच्या माणसाला दूरवर ऐकू जावं म्हणून. त्या दिवशीही तिने आवाज कमी केला नाही.

"बाई, मी बोलतेय, ड्रायक्लीनिंगवाली थोरली. त्या मातीवाल्याला घेऊन या. मी खोटं बोलले."

ती दोघं आली तेव्हा थोरली जिना उतरून अंगणात आली. बसून, एकेक पायरी, सगळ्यांच्या देखत, आणि हातात फडकं नव्हतं. धाकटी आधार द्यायला पुढे झाली तर तिने हात झटकला. शेजारणीची खिडकी बऱ्याच दिवसांनी सताड उघडी होती.

"ही माती आमची नाही," थोरली म्हणाली. "मी आणवली. हे यायच्या आदल्या दिवशी. यांनी विचारलं तेव्हा मी नाही म्हणाले, कारण मला लाज वाटली. घाण दुकानाने केली नाही, आमच्या यांनी केली नाही. मी केली. एवढंच सांगायचं होतं."

"दाताळं मीही मारलं," धाकटी म्हणाली.

"तू गप्प बस."

बालवाडीबाई एकदा काळ्या मातीकडे, एकदा थोरलीकडे बघत होती. "पण का आणवलीत?"

"हा येणार म्हणून."

"कोण?"

"हा मातीवाला."

"मी येणार म्हणून?" मातीवाला म्हणाला. "मी माती बघायला येणार म्हणून तुम्ही… माती बदललीत?"

"मग काय, होती तशी दाखवू?"

मातीवाल्याने गिरमिट भिंतीला टेकवलं आणि तोंडावरच्या पट्टीत हसायला सुरुवात केली. त्याला श्वास घेता येईना, पट्टी काढावी तर वास, न काढावी तर गुदमरायला होतंय. थोरली त्याच्याकडे रागाने बघत राहिली. पण बालवाडीबाई हसली नाही. "तुमच्यावर विश्वास ठेवावासा वाटतोय," ती म्हणाली. "पण माझ्याकडे दुसऱ्यांची मुलं येणार आहेत."

"बरोबर आहे," थोरली म्हणाली. "माझ्यावर ठेवूच नका. ही उचलते आणि पुन्हा तपासा."

डंपरवाल्याला बोलावलं. तो आला, ऐकलं, आणि एवढा मोठा बाप्या खालमानेने उभा राहिला. खोदकाम चाललं होतं ते गाड्यांच्या जुन्या गॅरेजच्या जागेवर. तीच ती काळीशार. मातीवाल्याने त्याला दम दिला, की ही आता कुठेही नेऊन टाकायची नाही. असली माती साफ करतात अशी जागा आहे, तिथेच न्यायची.

"आणखी कुणाला दिलीस?" थोरलीने विचारलं.

"एक खेप बहिणीच्या परसात टाकली, काकू. तिला भाज्या लावायच्या होत्या."

"आणि तिची पोरं लहान आहेत ना? मग इथे काय उभा राहिलायस? आधी तिची उचल. आमची राहू दे उद्यावर."

तशी बहिणीची आधी उचलली गेली, मग इथली. खरवडून, झाडून, पुन्हा ती पिवळट, टणक जमीन वर आली. मागच्या दाराशी कंबरभर खड्डा खणून तेवढी माती काढली आणि तिथे चांगली भर घातली, या खेपेला मातीवाल्याने स्वतः बघून घेतलेली. मग त्याने पुन्हा गिरमिट फिरवलं. मधल्या दिवसांत शेजारीपाजारी हसून हसून पोट धरत होते. दुकानात कधीही न आलेली माणसंसुद्धा अंगण बघायला येऊन गेली. थोरलीने ते सगळं मान ताठ ठेवून सोसलं. धाकटी मात्र हसणाऱ्यांशी कडाकडा भांडली. आजवर थोरलीला हसायचा हक्क तिचा एकटीचा होता.

निकाल चांगला आला. मातीवाला निरोप द्यायला स्वतः आला आणि आत बसून चहा प्यायला. बँकेने मान डोलावली, बिल्डर कुरकुरत का होईना थांबला होता, आणि बालवाडीबाईने झाल्या प्रकाराचा फायदा घेऊन भाव पाडून मागितला नाही. तळमजल्यावरच्या दोन खोल्यांच्या किल्ल्या धाकटीच्या हातात आल्या. खोकी बांधलेलीच होती. फक्त दोन बाजूंची आता एक बाजू झाली, आणि कुकरला त्याचं झाकण मिळालं.

मुलगी दुसऱ्या दिवशी परत जायची होती. तिने आईसाठी मागची खोली रंगवून घेतली होती, पलंग बुटका करून घेतला होता. ती बोलत नव्हती, पण दुखावली होती, आणि धाकटीला ते दिसत होतं. नव्या घरात भांडी लावताना शेवटी तिच्या तोंडून निघालंच.

"आई, आमच्याकडे काय कमी होतं? मुकाट्याने आली असतीस माझ्याबरोबर, तर कोणाला काही कळलंही नसतं. तुला कोणी एक शब्द बोललेलं तू खपवून घेत नाहीस, आणि सगळ्या गल्लीसमोर हसं करून घेतलंस. कशासाठी?"

थोरली ओट्याकडे तोंड करून उभी होती. तिने वळून बघितलं नाही.

"तुझ्याकडे काही कमी नाही गं," ती म्हणाली. "पण हिचं काय? हिला माझ्याशिवाय नाही करमत. एकटी पडली तर जेवायचीसुद्धा नाही ही. बोलेल हसून सगळ्यांशी, पण आतून नाही करमायचं तिला. मी तिला ओळखते. तिच्यासाठी करावं लागलं."

धाकटीने तोंड उघडलं. तिला सगळ्या गावात ओळखीपाळखी होत्या, मुलगा हातावर झेलायला तयार होता, नातवंडं रोज फोनवर कधी येतेस म्हणून विचारत होती. कोणाला कोणाशिवाय करमत नव्हतं, हे चष्मा पुसणाऱ्या हातांनी तिला दाखवलं होतं. आजवर थोरलीचं एकही वाक्य तिने दुरुस्त केल्याशिवाय सोडलं नव्हतं. आत्ताही शब्द ओठांवर आले. मग तिने थोरलीच्या पाठीकडे बघितलं, ती ज्या निकराने कोरडा ओटा पुसत होती त्याकडे बघितलं.

"नाही करमत," धाकटी म्हणाली. म्हणताना तिचा आवाज फुटला, आणि आपण हे नुसतं थोरलीचं मन राखायला म्हणत नाही आहोत, हे तिचं तिलाच कळलं. "एक दिवससुद्धा नाही करमत मला."

"बघ," थोरली मुलीला म्हणाली. "सांगत नव्हते?"